जुळलेलं वजन

१

कुपीत दोन्ही वस्तू होत्या. फक्त त्या एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. एवढ्यावरून माझे वडील गेल्यानंतर खोटारडे ठरणार होते.

ही बातमी घेऊन ओजस तावडे आला. हा बाबांचा शेवटचा विद्यार्थी. बोरिवलीहून नाहूरला आला आणि दाराबाहेर चपला इतक्या सावकाश काढत बसला, की आईने आतूनच विचारलं, "काय रे, आता अजून कोण गेलं?"

बाबा गेल्यापासून आई अशीच बोलते. ओजसला सवय झाली होती.

"शुक्रवारी समिती बसतेय, ताई," तो म्हणाला. "सरांचा शोधनिबंध मागे घेणार. खाली टीप येणार, दिवंगत डॉ. भीमराज खिल्लारे यांनी दिलेली मापं विश्वासार्ह नाहीत, असं काहीतरी."

"असं काहीतरी, की असंच?"

"असंच. संचालक मॅडमच्या टेबलावर मसुदा होता. वाचला मी."

मी घाटकोपरच्या एका कॉलेजात मराठी शिकवते आणि उरलेल्या वेळात जुन्या पोथ्यांच्या प्रती ताडून पाहते. रसायनशास्त्राशी माझी गाठ दहावीनंतर पडली नाही. म्हणून बाबांनी मला त्यांचं काम आमच्या गॅलरीत उभं राहून समजावलं होतं, कपडे वाळत घालता घालता. ते माकडतापावरची लस बनवत होते. विषाणूच्या अंगावरचा एक लहानसा तुकडा प्रयोगशाळेत तयार करायचा. तो पेप्टाइड. त्यात विषाणू नाही, त्यामुळे रोगाची भीती नाही. पण तुकडा इतका लहान, की शरीर त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही. म्हणून तो एका लांबलचक कृत्रिम साखळीवर, पॉलिमरवर, ओळीने टांगायचा. "दोरीवर एकटा रुमाल असला तर कोणी बघत नाही," बाबा म्हणाले होते. "अख्खी दोरी भरली की शेजारी विचारतात, पाहुणे आलेत का."

बाबांची दोरी भरली होती. उंदरांना ती लस टोचल्यावर त्यांच्या रक्तात प्रतिपिंडं तयार झाली. निबंध छापून आला. त्यानंतर काही महिन्यांनी बाबा मुलुंडच्या त्या संस्थेच्या जिन्यातच कोसळले. पुढे मोठ्या प्राण्यांवर जायच्या आधी हाच प्रयोग दुसऱ्या कोणीतरी करून पाहायचा, असा नियम आहे. संस्थेने बाबांच्या लशीची एक कुपी अंधेरीच्या एका प्रयोगशाळेत पाठवली. तिथल्या उंदरांच्या रक्तात काहीच झालं नाही. अहवालात लिहिलं होतं: पॉलिमर आहे, पेप्टाइडही आहे, पण पेप्टाइड सुटं आहे, टांगलेलं नाही.

"तू सांग," मी ओजसला विचारलं. "टांगलेलं होतं का?"

"हो."

"तू पाहिलंस, की त्यांनी सांगितलं?"

"जोडणी ते स्वतः करायचे. मी बाजूला उभा असायचो. आकडे त्यांनी दाखवले."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी तिच्याकडे पाहायचं टाळलं. मला बाबांची बाजू लढवायची नव्हती. मला खरं काय ते हवं होतं, आणि ते वाईट निघालं तर आईला सांगायची तयारीही करायची होती.

"अजून एक आहे, ताई," ओजस म्हणाला. "पाठवताना कुपी तीन जणांच्या हातातून गेली. मॅडमनी डबीत बंद करून दिली. केयूर सरांनी अंधेरीला पोचवली. आणि मधे ती बर्फात मी ठेवली."

२

डॉ. केयूर अधिकारी बाबांच्या शेजारच्या खोलीत बसतात. त्यांची लस वेगळी. ते तुकडे पॉलिमरवर न टांगता एका मोठ्या प्रथिनावर टांगतात, जुन्या पद्धतीने. दोन्ही खोल्यांना पैसा एकाच पेटीतून येतो.

"बस ना," ते म्हणाले. "चहा सांगू? तुझ्या वडिलांचं आणि माझं पटायचं नाही, हे तुला कोणीतरी सांगणारच, म्हणून मीच सांगतो."

"बाबांनी सांगितलं होतं."

"काय म्हणाले होते?"

"म्हणाले होते, केयूर भांडतो चांगला, पण मुद्द्यावर भांडतो."

ते हसले, मग हसणं आवरलं. "मी पॉलिमरच्या विरोधातच होतो. आजही आहे. पण भीमराज खोटं लिहील असं मला वाटत नाही. चुकला असेल. माणूस चुकतो, यार."

कुपी त्यांच्याकडे कशी आली ते त्यांनी सांगितलं. दुपारी कुरिअरवाला आलाच नाही. मॅडम म्हणाल्या, तू अंधेरीलाच राहतोस, जाताना देशील का. थर्माकोलचा खोका गाडीत टाकला, थेट तिथे नेला, पोच घेतली. आपल्याकडे हे काम येणार आहे हे त्यांना त्या दुपारपर्यंत माहीतही नव्हतं.

"सर, तुकडे सुटे का राहतात?"

"बऱ्याच कारणांनी. तुला कसं सांगू?"

"बाबा कपड्यांच्या दोरीचं उदाहरण द्यायचे."

"हां, ते ठीक आहे. मग असं बघ. दोरीवर कपडा नुसता टाकला तर वाऱ्याने उडतो. चिमटा लागतो. आपल्याकडे चिमटा म्हणजे सिस्टीन. तुकड्याच्या टोकाला एक जादा सिस्टीन जोडायचं. त्यात गंधक असतं, ते दोरीला पकडतं. चिमटाच नसेल तर तू वाट्टेल तेवढं ढवळ, काही होणार नाही. हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही शिकवतो आम्ही. भीमराज ते विसरेल असं नाही. म्हणून तर मला कळत नाहीये."

निघताना त्यांनी मला पूर्ण अहवाल वाचायला दिला. ओजसने फक्त पहिली दोन पानं पाहिली होती. मागे पुरवण्या होत्या, आणि त्यात अंधेरीत कुपी उघडण्याआधी काढलेला तिचा फोटो.

"तुला यातलं काय समजणार?" केयूर सरांनी विचारलं. टोमणा नव्हता, खरंच विचारत होते.

"मी वाचत नाही, सर. मी ताडून बघते," मी म्हटलं. "पण ताडायला दुसरी प्रत हवी."

३

दुसरी प्रत ओजसकडे निघाली.

बाबांच्या खोलीत त्याने फ्रीजर उघडून स्वतःच्या कुप्यांचा एक डबा बाहेर काढला. त्याच्या प्रबंधासाठी तो दुसऱ्याच तुकड्यांवर काम करतो, पण पद्धत तीच. द्रव कुपीत भरायचा, गोठवायचा, मग त्यातलं पाणी पंपाने ओढून काढायचं. मागे पांढरी, हलकी वडी उरते.

मी एक कुपी उजेडात धरली. मग दुसरी. मग उरलेल्या.

"या सगळ्या वाकड्या का आहेत?"

"वाकड्या नाहीत, तिरप्या. सरांची पद्धत. गोठवताना कुपी सरळ उभी करायची नाही, पट्टीवर टेकवून तिरपी ठेवायची. पृष्ठभाग वाढतो, लवकर वाळतं. मी पहिल्यांदा सरळ ठेवल्या होत्या, तेव्हा म्हणाले, तावडे, घाई असेल तर तिरपं चाला."

वडी एका बाजूला काठापर्यंत चढलेली होती आणि दुसऱ्या बाजूला तळाला टेकलेली. प्रत्येक कुपीत तसंच. मी पिशवीतून अहवाल काढला, फोटोचं पान उघडून डब्याशेजारी ठेवलं.

फोटोतली वडी सपाट होती. गुळगुळीत, आडवी, वाटीत विरजण लागल्यासारखी.

ओजसने पान हातात घेतलं. शेजारी स्वतःची एक कुपी धरली.

"तू बर्फात ठेवताना पाहिली नाहीस?"

"डबी बंद होती. मॅडमची सही होती वरती. मी कशाला उघडू?" मग म्हणाला, "ताई, ही सरांची नाही."

"वितळून परत गोठली असेल तर?"

"वाळलेली वस्तू वितळत नाही. ओल लागली तर चिकट होऊन बसते, अशी छान वडी राहत नाही. ही कोणीतरी नवीन केलीय. सरळ उभी ठेवून." त्याने पान खाली ठेवलं. "सरांची नाही, आणि माझीही नाही. पण माझी नाही हे तुम्ही कशावरून मानायचं?"

ते मला आवडलं. मी विचारलं, "बाबांच्या बाकीच्या कुप्या कुठे आहेत? त्यांच्याशीच ताडू."

"मॅडमकडे. म्हणजे, मॅडम तसं म्हणाल्या."

मग त्याने जे सांगितलं ते संस्थेत सगळ्यांना माहीत होतं आणि मलाच नव्हतं. दरवर्षी खंडेनवमीला तिथे यंत्रांची पूजा होते. सगळी यंत्रं बंद, पुसलेली, वर झेंडूची माळ. त्याच्या आदल्या दिवशी फ्रीजर रिकामे करून धुतात. आपापले डबे उचला, असा निरोप सगळ्यांना जातो, आणि जे डबे कोणी उचलत नाही ते जुने समजून टाकून देतात. बाबा पूजेला कधी थांबले नाहीत. दसऱ्याला ते विहारात असत, आणि आदली सुट्टीही जोडून घेत. पण सुट्टीवर जाण्याआधी स्वतःचा डबा हातात घेऊन वरच्या मजल्यावरच्या फ्रीजरमध्ये ठेवून येत.

"यंदा?"

"यंदा मी कणकवलीला होतो, ताई. आलो तर आपल्या फ्रीजरमध्ये सरांचा डबा नाही. मॅडमना विचारलं. म्हणाल्या, माझ्याकडे सुरक्षित आहे."

"तू पाहिलास?"

"नाही," तो म्हणाला. "मॅडम म्हणाल्या ना."

४

घरी आई जेवणाच्या टेबलावर मेथी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर अहवाल पसरला.

"दूर घे, माती लागेल," ती म्हणाली. "काय सापडलं?"

मी सांगितलं. कुपी बदलली होती, इथवर पक्कं. तिच्या शेजारी बसून मी अहवाल पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले. समजत नसलेला मजकूर मी नेहमी असाच वाचते. अर्थाच्या मागे न लागता, कोणती ओळ कुठून आली असेल एवढंच पाहत.

तिसऱ्या पानावर एक साधं वाक्य होतं. सुट्या पेप्टाइडचं वजन मोजलं, ते प्रकाशित निबंधातील क्रमाशी तंतोतंत जुळतं.

आधी मी त्यावरून पुढे गेले होते. जुळतं म्हणजे ठीकच आहे, असं वाटून. आता तिथे थांबले. मग ओजसला फोन लावला.

"बाबांच्या तुकड्याच्या टोकाला जादा सिस्टीन होतं?"

"होतं की. त्याशिवाय टांगणार कसा?"

"निबंधात जो क्रम छापलाय, त्यात आहे?"

"नाही. तक्त्यात राहून गेलंय. तो तक्ता मॅडमनी केला होता. विषाणूचा तुकडा त्यांनीच शोधला ना, त्यामुळे त्यांनी विषाणूत आहे तेवढाच लिहिला. सर छापून आल्यावर म्हणाले होते त्यांना. त्या म्हणाल्या, पुढच्या वेळी घालू."

"मग अंधेरीच्या लोकांनी वजन कशाशी जुळवलं?"

"निबंधाशी. त्यांच्याकडे तेवढंच..."

तो थांबला. मी अहवालाचं पान पुन्हा पुढे ओढलं.

"बाबांची कुपी असती, तर वजन जुळलं असतं का?"

"नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "एका सिस्टीनने जास्त भरलं असतं. ताई, ते जुळायलाच नको होतं."

माझ्या कामात हे रोज घडतं. छापील पोथीत एक ओळ गळलेली असते, आणि नंतरच्या एखाद्या हस्तलिखितातही नेमकी तीच गळलेली सापडते. तेव्हा कळतं, की लिहिणाऱ्यापुढे मूळ पोथी नव्हती, छापील प्रत होती. अंधेरीला गेलेली कुपी निबंध समोर ठेवून उतरवलेली होती. गळलेल्या ओळीसकट.

"म्हणजे तो केयूरच," आई म्हणाली. ती सगळं ऐकत होती. "त्यालाच हवं होतं हे बंद पडायला. मुद्दाम चिमटा काढला असेल."

"त्यांना त्या दुपारपर्यंत माहीत नव्हतं. तुकडा बनवून मागवायलाच काही आठवडे लागतात."

"मग हा ओजस?"

"त्याला चिमटा माहीत आहे. तिरपं ठेवणंही माहीत आहे."

आईने मेथीची एक जुडी संपवली, दुसरी उचलली. "एक कळत नाही मला. एखाद्याला पाडायचंच असेल, तर माणूस कुपीत मीठ भरेल ना गं. पांढरं ते पांढरं. एवढा महागाचा तुकडा मागवून, मापात घालून, गोठवून, वाळवून कोण बसेल?"

मी तिच्याकडे पाहत राहिले. बाबा नेहमी म्हणायचे, कुंदाने प्रबंध लिहिला नाही हे विद्यापीठाचं नशीब.

ज्याने कुपी बनवली त्याला ती बिघडवायची नव्हतीच. त्याला ती चालायला हवी होती. असं एकच माणूस होतं, ज्याला लस यशस्वी व्हायला हवी होती, तुकडा तोंडपाठ होता, आणि तो टांगायचा कसा हे कधीच पाहिलेलं नव्हतं. त्या निबंधावर पहिलं नाव मॅडमचंच होतं.

५

डॉ. शर्मिष्ठा टिपणीस संस्थेच्या संचालक. मुलुंड पूर्वेला राहतात. बाबांच्या शोकसभेत त्या सगळ्यात चांगलं बोलल्या होत्या. त्या बाबांना भीमराज म्हणत आणि बाबा त्यांना मॅडम, जरी दोघं एकाच वयाची होती.

"ये, बाळा," त्या म्हणाल्या. "मी येणारच होते तुझ्या आईला भेटायला. शुक्रवारनंतर."

"मॅडम, अंधेरीला गेलेली कुपी तुम्ही बनवलीत."

मला वाटलं होतं त्या नाकारतील. सपाट वडी, वजन, चिमटा, सगळं मी ओळीने मांडून आणलं होतं. त्यातलं काही काढावं लागलं नाही. त्या खुर्चीत मागे टेकल्या, एवढंच.

"ओजस बोलला?"

"त्याला आत्ताआत्तापर्यंत माहीत नव्हतं. वजनावरून कळलं."

"डबा गेला होता, प्रियंका," त्या म्हणाल्या. "पिवळ्या पिशवीत, कचऱ्याबरोबर. दरवर्षी मीच निरोप टाकते, डबे हलवा म्हणून. दरवर्षी तो हलवायचा. यंदा कोण हलवणार होतं? हे मला सुचायला हवं होतं. सही माझी आहे त्या पिशवीवर. आठवड्याने लक्षात आलं."

"मग सांगायचं होतं."

"कोणाला? काय सांगू? सहकारी वारला आणि दोन महिन्यांत त्याची दहा वर्षांची मेहनत आम्ही पूजेच्या आधी कचऱ्यात टाकली?"

"हो."

"तुला बोलायला सोपं आहे." त्यांचा आवाज चढला नाही. "मी स्वतः बनवलं. किती वर्षांनी प्रयोगशाळेत उभी राहिले, माहितीये? रविवारी जायचे, कोणी नसताना. तुकडा बाहेरून करून घेतला. दोरी त्याचीच उरलेली होती. त्याची कृती समोर ठेवून, एकेक वाक्य वाचून केलं. शेवटची धुण्याची पायरी तेवढी सोडली, वेळ नव्हता. मला वाटलं, निदान हे तरी त्याच्यासाठी करावं."

"आणि ते चाललं नाही."

"नाही चाललं." त्या थेट माझ्याकडे पाहत होत्या. "आता तू मला सांग. मी त्याच्याच कृतीने केलं, आणि तुकडे जोडले गेले नाहीत. मग मी काय समजायचं? त्याचेही कधी जोडले गेले नव्हते, हेच ना? मी आठवडाभर झोपले नाही. मला वाटलं, याने इतकी वर्षं मला फसवलं. तरी मी गप्प राहिले. मसुद्यात समितीने 'बनावट' लिहिलं होतं. तो शब्द मी काढायला लावला. तुमच्यासाठी."

हे मी मांडून आणलं नव्हतं. मी एका लबाड बाईला भेटायला आले होते, आणि समोर बसलेल्या बाईला मनापासून वाटत होतं, की लबाड माझे वडील होते आणि ती त्यांना सांभाळून घेत होती. गेले काही दिवस मलाही रोज पहाटे हीच शंका येत होती. त्यामुळे मला तिच्यावर नीट चिडताही येईना.

"मॅडम, तुकड्याच्या टोकाला सिस्टीन घातलं होतंत?"

"तक्त्यात जसा..."

त्या बोलता बोलता थांबल्या.

खाली रस्त्यावर भाजीवाल्याची गाडी होती. तो वांग्यांचा भाव सांगत पुढे गेला.

"तक्ता तुमचा होता," मी म्हटलं.

"तो म्हणाला होता," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "छापून आल्यावर. कॉरिडॉरमध्ये, जाता जाता. मॅडम, टोकाचं राहिलंय. मला वाटलं छपाईचं काहीतरी म्हणतोय. मी मीटिंगला चालले होते." थोड्या वेळाने म्हणाल्या, "धुतलं असतं तर सुटे तुकडे पाण्याबरोबर निघून गेले असते. तिथेच कळलं असतं मला."

"ओजसला विचारलं असतंत तरी कळलं असतं."

"त्या निबंधावर माझं नाव पहिलं आहे. मी विद्यार्थ्याला बोलावून काय विचारू? बाबा रे, हे बनवतात कसं?"

मी पिशवी खांद्याला लावली. "शुक्रवारी मी बाहेर बसेन. मी आत येऊन सांगू शकते, पण मी सांगितलं तर लोक म्हणतील, मुलगी आहे, वडिलांसाठी बोलणारच. तुम्ही सांगितलंत तर ते खरं ठरेल."

"आणि मी नाही सांगितलं तर?"

"तर मी सांगेन. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू देत."

त्या दारापर्यंत आल्या नाहीत.

६

शुक्रवारी समितीच्या खोलीबाहेर आम्ही तिघं बाकावर बसलो होतो. मी, आई आणि ओजस. आई यायला नको म्हणाली होती आणि मग माझ्याआधी तयार होऊन बसली होती. केयूर सर समितीत होते, त्यामुळे आत होते.

दार बराच वेळ बंद राहिलं. ओजस दोनदा उठला, दोनदा बसला.

"अरे, टेक की जरा," आई म्हणाली. "प्रबंध माझ्या नवऱ्याकडे करायचास आणि धीर एवढाच?"

मग केयूर सर बाहेर आले. ते आईसमोर उभे राहिले, आणि काय करावं न कळल्यासारखे तिच्याशेजारी बाकावरच बसले.

"सांगितलं त्यांनी," ते म्हणाले. "सगळं. डब्यापासून. कोणी विचारायच्या आत सांगितलं. टीप रद्द. निबंध मागे घ्यायचा नाही, तक्त्याची दुरुस्ती छापायची. कुपी ओजसने नव्याने करायची, आणि या वेळी अंधेरीची माणसं इथे येऊन बघणार." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मी अजूनही पॉलिमरच्या विरोधात आहे, हां. हे लिहून ठेव."

"तुम्ही मुद्द्यावर भांडता," मी म्हटलं.

आईने पदर सारखा केला आणि ओजसला विचारलं, इथे चहा कुठे मिळतो. चहाच्या टपरीवर ती रडली, थोडीच, पाठ वळवून. मीही तेव्हाच रडले. बाबा गेले त्या दिवशी मला ते जमलं नव्हतं. तेव्हापासून काहीतरी ठरायचं बाकी आहे असं वाटत होतं, आणि ते ठरल्याशिवाय रडणं म्हणजे निकाल लागायच्या आधी सही केल्यासारखं होतं.

ओजसने कुपी केली. टोकाला सिस्टीन घालून, धुऊन, तिरपी गोठवून. निकाल यायला हिवाळा संपला. उंदरांच्या रक्तात प्रतिपिंडं होती. बाबांच्या आकड्यांपेक्षा थोडी कमी, ओजसचा हात अजून बसायचा आहे म्हणून, असं तो म्हणाला. मला तो फरक बरा वाटला. हुबेहूब तेच आकडे आले असते तर मी पुन्हा ताडायला बसले असते.

दुरुस्तीचा मसुदा संस्थेकडून आमच्या घरीही आला, बाबांच्या वतीने संमती द्यायला. त्यात लेखकांची नावं बदललेली होती. पहिलं बाबांचं. दुसरं ओजसचं. टिपणीस मॅडमचं नाव कुठेच नव्हतं. त्यांनी संचालकपद आधीच सोडलं होतं.

मी त्यांना फोन केला. खूप वेळ वाजल्यावर त्यांनी उचलला.

"मॅडम, तुमचं नाव राहिलंय."

"राहिलं नाही. काढलंय."

"तुकडा तुम्ही शोधलात. विषाणूच्या एवढ्या लांबीतून नेमका तेवढाच उचललात. तो चुकीचा असता तर बाबा टांगून तरी काय टांगणार होते? त्यांनीच सांगितलं होतं मला, तुकडा मॅडमचा म्हणून."

त्या फोन ठेवतील असं वाटलं.

"मी हे तुमच्यासाठी म्हणत नाहीये," मी म्हटलं. "जे ज्याचं आहे ते तसं छापलं जावं. उद्या कोणी ताडून बघितलं तर."

"पहिलं नको," त्या म्हणाल्या.

"नाही. पहिलं नकोच."

"मग दुसरं?"

"ते मी कसं सांगणार, मॅडम? ते ओजसला विचारा."

त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं विषय तिथेच संपला. संध्याकाळी बोरिवलीहून ओजसचा फोन आला. तो गोंधळला होता. मॅडम त्याच्या घरी येऊन गेल्या होत्या, चहा घेतला होता, आणि नावाबद्दल विचारून झाल्यावर उठता उठता त्यांनी त्याला विचारलं होतं, की कुपी तिरपी ठेवायची म्हणजे नेमकी किती.

"मग?" मी विचारलं.

"दाखवली त्यांना," तो म्हणाला. "टेबलावर, पट्टी घेऊन."